हनुवटीचा निवाडा

वेल्समधील कार्डिफ शहरातल्या एका अँग्लिकन चर्चच्या सभागृहात गेल्या शुक्रवारी छप्परदुरुस्तीच्या मदतीसाठी प्रश्नमंजूषा झाली आणि आमचा चमू अर्ध्या गुणाने हरला. तो अर्धा गुण मी घालवला, असे सर्वांचे मत आहे.

प्रश्न होता, 'अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटॅरिअनिझम' या शब्दात सिलॅबल, म्हणजे उच्चारताना पडणारे तुकडे, किती? मी पंधरा लिहिले. देवनागरीत त्याची पंधरा अक्षरे होतात आणि ओवी-अभंगांवर वाढलेला माणूस अक्षरेच मोजणार. त्यांच्याकडे उत्तर बारा होते. मी हरकत घेतली, तिथेच चुकलो.

परीक्षक निवृत्त शाळामास्तर होते. ते उठून माझ्याजवळ आले, माझाच हात माझ्या हनुवटीखाली ठेवला आणि "सावकाश म्हणा, जबडा जितक्यांदा खाली येईल तितकी सिलॅबल," असे त्यांनी फर्मावले. तोंडात बिस्किट असताना, भरल्या सभागृहासमोर, मी 'अँ-टि-डिस्-इस्-टॅब्-लिश्-मन्' असा गुरासारखा रवंथ सुरू केला. सारा जोर आठव्या 'टेअर'वर द्यायचा असतो. तो मी दिला आणि बिस्किटाचा भुगा मास्तरांच्या बाहीवर उडाला. तो न झटकता त्यांनी मोजणी चालूच ठेवली. 'इ-अन्-इझ्' म्हणेपर्यंत अकरा झाले, पण शेवटच्या 'म'ला ओठ मिटतात, त्यामुळे जबडा काही हलला नाही.

"अकराच भरले," मी म्हणालो.

"बारावे दिसत नाही, ते जाणवते," मास्तर गंभीरपणे म्हणाले.

हेच वाक्य आळंदीत ऐकले असते तर मी पाया पडलो असतो.

चर्चचा राजाश्रय काढून घेऊ नये, या भूमिकेचे नाव म्हणजे हा लांबलचक शब्द. आयर्लंडमध्ये तो १८६९ च्या कायद्याने गेला; वेल्सचा कायदा १९१४ साली झाला, पण महायुद्धामुळे त्याचा अंमल १९२० मध्ये सुरू झाला. म्हणजे ज्या छपरासाठी आम्ही पैसे जमवत होतो, त्याखाली हा वाद हरून शंभर वर्षे उलटली आहेत. इंग्लंडमध्ये मात्र २६ बिशप अजून संसदेच्या लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहात बसतात. हे सारे मला ठाऊक होते, पण अर्थ कोणी विचारलाच नाही.

प्रश्नमंजूषेबाहेर ज्याला कोणी तोंडात घेत नाही, अशा २८ इंग्रजी अक्षरांच्या शब्दापायी माझा गुण कापला गेला. माझ्या 'ज्ञानेश्वर' या नावाची गेली नऊ वर्षे जी चिरफाड चालली आहे, तिच्यापायी मात्र कोणाचाही गुण गेलेला नाही. निघताना मी मास्तरांना पूर्ण नाव सांगितले. त्यांनी हनुवटीखाली हात धरला, 'डिन्-या' इतके दोनदा जबडा पाडून म्हटले आणि हात काढून घेत विचारले, "डॅन चालेल ना?"

मी चालेल म्हणालो.

बसमध्ये लक्षात आले की, अभंगाचे सहा-सहा अक्षरांचे दोन चरण भरले तरी पंधरातली तीन अक्षरे उरतात. बारा धरली तर दोन चरण अगदी नेमके भरतात. मला सगळ्यांत जास्त राग त्याचाच आला.