अंडाकार कागदावरचा आहे, विश्वाचा नाही

गेल्या आठवड्यात मामांनी घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. संध्याकाळपर्यंत तोच सोसायटीच्या आणि शाळेच्या ग्रुपवरही फिरून आला. निळ्या-केशरी ठिपक्यांचं आडवं अंडं, आणि खाली मजकूर: ‘नासाने काढलेला विश्वाचा फोटो. विश्व अंडाकृती! आपल्या ऋषींनी म्हणूनच त्याला ब्रह्म-अंड म्हटले. शास्त्रज्ञ काल सपाट म्हणत होते, आज अंडाकृती म्हणतात.’ मामांनी मला विचारलं, “तू दुर्बिणवाला, खरं आहे का रे हे?”

मामा, तुम्ही पुढे पाठवण्याआधी नाही, पण नंतर तरी विचारलंत, याचा मला आनंद आहे. म्हणून नीट सांगतो.

हे चित्र युरोपियन अंतराळ संस्थेच्या प्लँक उपग्रहाच्या मोजमापांतून तयार झालं आणि मार्च २०१३मध्ये प्रसिद्ध झालं. नासाच्या आधीच्या उपग्रहाचं असंच चित्र आहे, त्यामुळे नावाची गल्लत समजू शकतो. पण हा फोटो नव्हे, तापमानाचा नकाशा आहे. विश्व साधारण ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना मोकळा सुटलेला प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळ्या दिशांनी आपल्याकडे येतो. त्याचं तापमान शून्याखाली २७० अंश सेल्सिअस. दिशेगणिक त्यात लाखात एखाद्या भागाइतका फरक पडतो. तो डोळ्यांना कळावा म्हणून केशरी आणि निळा रंग भरलाय.

आता अंडं. परवा पुतणीला हे सांगायला मी एक मोसंबं घेतलं, सालीवर स्केचपेनने ठिपके काढले, साल अलगद सोलली आणि पोळपाटावर दाबली. कडेला ती टराटरा फाटली. गोलाचं पृष्ठ कागदावर न फाटता बसवायचं तर कुठेतरी ते ताणावंच लागतं. कार्ल मोल्वाइड या जर्मन गणितज्ञाने १८०५मध्ये त्याची एक रीत दिली: क्षेत्रफळ जसंच्या तसं ठेवायचं, आकार मात्र वाकू द्यायचा. या रीतीत गोल उंचीच्या दुप्पट रुंद असा लंबगोल होतो. नकाशांच्या पुस्तकात जगाचा असा नकाशा तुम्ही पाहिला असेल. तो बघून पृथ्वी अंड्यासारखी आहे असं कोणी म्हणत नाही. इथे तर आपण बाहेरून विश्वाकडे बघतही नाही आहोत. आपण आत उभे आहोत आणि चहूकडचं आकाश सोलून कागदावर ठेवलंय. नकाशाच्या मध्यभागी धनु राशीकडची, आकाशगंगेच्या केंद्राची दिशा आहे. डावं टोक आणि उजवं टोक ही आकाशातली एकच जागा.

‘काल सपाट, आज अंडाकृती’ हे तर घडलेलंच नाही. सपाट हा निष्कर्ष याच नकाशातून पक्का झाला. ते ठिपके खरोखर केवढे मोठे आहेत हे भौतिकशास्त्रातून काढता येतं, अंतरही ठाऊक आहे. अवकाश चेंडूच्या पृष्ठासारखं वक्र असतं तर ते एका अंशाहून मोठे दिसले असते, उलट, खोगिरासारखं वक्र असतं तर लहान. ते साधारण एका अंशाचे दिसतात. म्हणजे आपण आणि ठिपक्याची दोन टोकं अशा प्रचंड त्रिकोणाच्या कोनांची बेरीजही १८० अंशच भरते. सपाट म्हणजे थाळीसारखं नव्हे, तर शाळेतली भूमिती जिथे लागू पडते असं.

शिवाय हे फक्त दिसणाऱ्या भागाबद्दल आहे. सपाट विश्वसुद्धा स्वतःलाच जोडलेलं असू शकतं, जुन्या नोकियावरच्या सापासारखं: उजवीकडून बाहेर गेला की डावीकडून आत. तसं असतं आणि ते पुरेसं लहान असतं, तर नकाशात जुळी वर्तुळं, म्हणजे दोन ठिकाणी ठिपक्यांची एकसारखी नक्षी असलेली वर्तुळं, सापडू शकली असती. ती शोधून झाली, सापडली नाहीत.

राहिला ब्रह्मांड हा शब्द. मला तो फार आवडतो. पण सृष्टी अंड्यातून निघाली ही कल्पना चीनमध्येही आहे, फिनलंडमध्येही आहे, आणि ती मोजमापातून आलेली नाही. मोजमाप करणारे आपल्याकडे वेगळे होते. ११५०मध्ये सिद्धान्तशिरोमणी लिहिणाऱ्या भास्कराचार्यांसमोर पूर्वसूरींनी दिलेला ब्रह्मांडाच्या परिघाचा आकडा होता. त्यावर ते लिहितात, ‘ब्रह्माण्डमेतन्मितमस्तु नो वा’: ब्रह्मांड एवढं असो वा नसो, एका कल्पात ग्रह जेवढं अंतर चालतो तेवढंच हे माप, असं आमचं मत. त्याच ग्रंथात ते सांगतात की परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो, म्हणून माणसाला पृथ्वी सपाट दिसते. आजचे विश्वशास्त्रज्ञ ‘दिसणारा भाग सपाट आहे, पलीकडचं सांगता येत नाही’ म्हणतात तेव्हा ते याच सावधपणे बोलतात. अशा माणसाच्या नातवाने चाळीसगावजवळच्या पाटण्यात त्याचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, १२०७चा शिलालेख तिथे आहे. त्यांच्या वारशाला आधार म्हणून नकाशाची एक कडा दाखवायची, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि शास्त्रज्ञांत मतभेद असतातच. आपले जयंत नारळीकर अखेरपर्यंत महास्फोट सिद्धांताशी सहमत नव्हते, पण प्रत्येक वेळी गणित मांडून.

मामा, पौषात रात्री साडेनऊच्या सुमाराला वृषभ राशी जवळपास डोक्यावर येते. तेव्हा गच्चीवर या. वृषभेच्या शिंगाच्या टोकाला अग्नी नावाचा तारा आहे, तो दाखवतो. तुमच्या फोटोतल्या अंड्याची दोन्ही टोकं त्याच्या शेजारीच आहेत.