पिकअप म्हणजे माइक नव्हे, आणि गिटारचा शॉक ‘नॉर्मल’ नसतो

माझ्या भाच्याने नुकतीच इलेक्ट्रिक गिटार घेतली, आणि पिकअपबद्दलची (तारांखाली बसवलेला, त्यांच्या थरथरीतून विजेचा संकेत तयार करणारा भाग) एक क्लिप त्याच्या ग्रुपवरून माझ्यापर्यंत आली. त्यातलं बहुतेक सगळं चूक आहे. एक गोष्ट तर जिवावर बेतणारी आहे.

‘पिकअप हा छोटा माइक, तो लाकडाचा आवाज ऐकतो.’ साफ चूक! पिकअपमध्ये चुंबक असतो आणि त्याभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे, म्हणजे कॉइल. चुंबकामुळे वरची गिटारची स्टीलची तारही चुंबकित होते. ती थरथरली की कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतं, आणि त्या बदलातून कॉइलमध्ये विद्युतदाब तयार होतो. शास्त्रज्ञ मायकेल फॅराडेने हे १८३१ मध्येच दाखवलं होतं. पटत नसेल तर जॉर्ज बीचम यांचं इलेक्ट्रिक गिटारचं, १९३७ मध्ये मंजूर झालेलं अमेरिकन पेटंट काढून बघा, आकृत्यांसकट आहे. त्यांची बाजारात आलेली ‘फ्राइंग पॅन’ गिटार ओतीव ॲल्युमिनियमची होती. लाकूड नसताना ती वाजलीच. उलट नायलॉनच्या तारा लावा, असा पिकअप गप्प बसतो.

एवढं मान्य करतो की कॉइल मेणात नीट मुरवलेली नसेल तर सैल वेढे हलतात. मग पिकअपवर नख आपटलं तरी स्पीकरमधून टकटक येते, आणि ॲम्पजवळ (गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर) गेलं की शिट्टी वाजते. पण तो दोष आहे, पिकअपचं काम नव्हे.

‘चुंबक दोन वर्षांत उतरतो, पिकअप बदला.’ १९५०च्या दशकातले पिकअप आजही वाजताहेत. ‘पिकअप तारांना जितका जवळ तितका चांगला.’ फार जवळ आणला तर चुंबक तार ओढतो, सूर हलतो, नाद लवकर विझतो.

आता ज्याने माझं डोकं फिरलं ते वाक्य: ‘पिकअपमध्ये करंट असतो, हलका शॉक नॉर्मल आहे.’ साध्या पिकअपला वीजपुरवठाच नसतो. त्यातून निघतात ते काही मिलिव्होल्ट, जोरात वाजवलं तर काहीशे. त्याने शॉक बसत नाही. शॉक येतो ॲम्प आणि वायरिंगमधून. गिटारच्या तारा ब्रिजमार्गे (तारा ज्यावर टेकतात तो धातूचा भाग) ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. ॲम्पमध्ये बिघाड आणि प्लगची अर्थची जाड पिन मोडलेली, किंवा तिला टाळून टू-पिन ॲडॅप्टर लावलेला, की मेनचे २३० व्होल्ट थेट तारांवर येऊ शकतात. हात तारांवर आणि ओठ माइकला लागले तर करंट छातीतून जातो. ‘स्टोन द क्रोज’ या बँडचे गिटारवादक लेस्ली हार्वी १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सीच्या स्टेजवर माइकला हात लावताना शॉक लागून गेले.

झिणझिण्या आल्या तर गिटारची केबल उपसत बसू नका. आधी बोर्डावरचं बटण बंद करा, आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय तो ॲम्प पुन्हा लावू नका.