पिंपातल्या अळ्या आणि दिल्लीचा पत्ता

चवथीच्या आदल्या आठवड्यात आरोग्य केंद्राचा एक मुलगा बॅटरी घेऊन गोव्यात, डिचोली तालुक्यात राहणाऱ्या मावशीच्या दारात आला. साठवलेलं पाणी बघायचं म्हणाला. मावशीने त्याला सोप्यावरूनच परत पाठवलं. का, तर मोबाईलवर मेसेज आला होता. तोच तिने मलाही पाठवला, वर हात जोडलेले.

मेसेज थोडक्यात असा : आरोग्य हा केंद्र सरकारचा विषय आहे, राज्याचा आणि पंचायतीचा त्याच्याशी संबंध नाही, गोमेकॉसुद्धा (गोवा मेडिकल कॉलेजचं रुग्णालय) दिल्लीच्या पैशावर चालतं, घरात शिरून पाणी तपासायचा कोणालाही अधिकार नाही, आलेल्यांना हाकलून द्या, तक्रार थेट दिल्लीला करा.

पहिलं वाक्यच खोटं. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूची आहे, म्हणजे राज्याच्या अखत्यारीतल्या विषयांची यादी. तिच्यात सहाव्या क्रमांकावर सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालयं आणि दवाखाने आहेत. केंद्राच्या सूचीत बंदरावरचं क्वारंटाइन आहे, म्हणजे मुरगावला जहाजातून आजार येऊ नये याची काळजी. एका राज्यातून दुसऱ्यात साथ पसरू नये म्हणून कायदा दोघांनाही करता येतो. तो समवर्ती सूचीत, २९ व्या क्रमांकावर. मावशीचं पिंप जहाजात नाही, डिचोलीत आहे.

आता गोमेकॉ. ते राज्य सरकारचं आहे, यावर खरं तर वाद घालायची गरज नसावी. २०१८ च्या जानेवारीपासून तिथे परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झालं तेव्हा दोडामार्ग, सावंतवाडीकडे केवढा आरडाओरडा झाला होता! तो निर्णय पणजीत झाला होता, दिल्लीत नाही. मावशीची नणंद बांद्याची. तिला विचारा.

एवढं मात्र कबूल करावं लागेल की पैसा केंद्राचाही येतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानात साधारण ६० टक्के केंद्र, ४० टक्के राज्य. लहान मुलांच्या लसी केंद्राकडून येतात. २०२० मध्ये टाळेबंदीचे आदेश आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली दिल्लीहूनच सुटत होते, त्यामुळे सगळं तिथूनच चालतं असं वाटणं समजू शकतं. पण पैसे देणारा आणि दारात येणारा एकच नसतो.

पंचायतीचा संबंध नाही, हे मात्र अर्धंच खरं. अकराव्या अनुसूचीत प्राथमिक आरोग्य केंद्रांसकट आरोग्य हा विषय पंचायतींसाठी लिहिलेला आहे, पण घटना म्हणते की राज्य हे अधिकार 'देऊ शकेल'. आपल्याकडे आरोग्य केंद्रातले डॉक्टर आरोग्य संचालनालयाचे, सरपंचाचे नव्हेत. डॉक्टर जाग्यावर नसले तर सरपंचावर ओरडून काय उपयोग? गटार, कचरा, पडीक जागेत टाकलेले टायर, यांसाठी मात्र ओरडाच.

आणि ते 'हाकलून द्या'. ज्याने कोणी हे लिहिलं, त्याच्या घरी डेंग्यूचा रुग्ण झाला नसावा. १९८५ चा गोवा, दमण व दीव सार्वजनिक आरोग्य कायदा आजही लागू आहे. त्यात डासांच्या पैदाशीवर तरतुदी आहेत, घरमालकाला नोटीस येते, दंडही होतो. हा कायदा बाजूला ठेवला तरी त्या मुलाला आत घ्यायलाच हवं होतं. डेंग्यूचा डास नितळ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. मावशीकडे नळ एक दिवसाआड येतो, म्हणून न्हाणीबाहेर निळं पिंप कायम भरलेलं. मी टॉर्च मारला. वरून काचेसारखं पाणी आणि प्रकाश पडताच खाली वळवळत पळणाऱ्या अळ्या! पोरसात नारळाच्या तीन करवंट्या उताण्या पडलेल्या, त्यातही तेच. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. पाणी ओतून टाकलं म्हणजे झालं असंही नाही, कारण अंडी पिंपाच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी असली तरी महिनोन्‌महिने जगतात. घासायला लागतं. आम्ही काथ्याने घासलं, वर जुन्या साडीचं फडकं ताणून बांधलं.

"फॉगिंग करत नाहीत मेले," मावशी घासता घासता म्हणाली. धुराने उडते डास मरतात गे, पिंपातल्या अळ्यांना तो लागतही नाही.

राहिली तक्रार दिल्लीला करायची गोष्ट. मावशीच्या घराशेजारी एक इमारत अर्धवट राहिली आहे. लिफ्टच्या खड्ड्यात जूनपासून पाणी आहे. त्याचा फोटो लावून कालच अर्ज लिहिला : सरपंचांच्या नावे, प्रत आरोग्य अधिकाऱ्यांना. पोच घेतली आहे. तो बॅटरीवाला मुलगा सोमवारी परत येतोय, मीच फोन करून बोलावलाय.