पहिलं ते पहिलंच म्हणे!

आठवं मिनिट. पडद्यावर 'लव्ह नेव्हर डाइज' लावलंय, 'फँटम ऑफ दि ऑपेरा' या इंग्रजी संगीत नाटकाचा पुढचा भाग. मुखवटेवाल्याचं, म्हणजे त्या फँटमचं, पहिलं गाणं आत्ता कुठे संपलंय, गायिका क्रिस्टीन अजून न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागलेली नाही, आणि तिसऱ्या रांगेतून तोंडातलं पान सांभाळत निकाल येतो: "पयलां तां पयलांच!"

आठवं मिनिट हो! एवढ्यात भजनीबुवांची पेटीसुद्धा सुरात आलेली नसते.

मध्यंतरात चहाच्या कपावर चौकशी झाली, काका, पहिलं कुठे बघितलंत, मुंबईला? "छे रे. मोबायलार बघलंय. तां झुंबर पडता ना, तितक्याच." एक झुंबर! तेवढ्या भांडवलावर या गृहस्थांनी शनिवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमधल्या चाळीस माणसांचा रस उतरवला. मागच्या दोन खुर्च्यांनी माना डोलावल्या, कडेच्या वहिनींनी "मला पण तस्संच वाटलं" असा आहेर केला, आणि दहाव्या मिनिटाला अख्ख्या हॉलचं ठरलं की 'लव्ह नेव्हर डाइज' टुकार आहे. पुढचा सगळा वेळ ते ठरलेलं मत राखण्यात गेला. कुणी हसण्याच्या जागी हसेना, की गाणं संपल्यावर टाळी देईना. काकांना काय वाटेल!

टुकार म्हणा, जरूर म्हणा. 'फँटम ऑफ दि ऑपेरा'च्या या पुढच्या भागाला शिव्या घालायला जागा भरपूर आहे. पण ती कुठे आहे ते तरी बघा. शिवी नेमकी बसायला हवी, हे मालवणी माणसाला सांगावं लागावं?

पहिल्या नाटकाचा काळ १८८१. त्याच्या सुरुवातीला जो लिलाव होतो तो मूळ संहितेत १९०५ चा, आणि त्यात क्रिस्टीनचा नवरा राऊल सत्तरीचा म्हातारा, चाकाच्या खुर्चीत. दुसरं नाटक घडतं १९०७ साली, न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या त्या जत्रेत. तिथे तोच राऊल पुन्हा तरणाबांड होऊन बारमध्ये पेले रिचवत बसलेला. आणि मधे म्हणे दहाच वर्षं गेली! १८८१ मध्ये दहा मिळवले की १९०७ येतात, हे कुठल्या शाळेतलं गणित? गावात अर्ध्या गुंठ्याच्या सातबाऱ्यावर तीन पिढ्या हिशेब घालणारी माणसं आपण, आणि यातलं एकाच्याही नजरेला काही आलं नाही. नजरेला काय आलं, तर "ह्येचो मुखवटो लहान दिसता".

बरं, राऊलचं दारूडं होणं. त्यावर हॉलमध्ये मत काय, "असो तो नव्हतो." नव्हताच. पण माणूस बदलतो, त्यात नाटककाराचा गुन्हा काही नाही. गुन्हा आहे तो बदल गाळण्याचा. गडकऱ्यांनी 'एकच प्याला'त सुधाकराला पाच अंकांत पायरी पायरीने उतरवला: सनद गेली, अपमान झाला, पहिला प्याला, मग शपथ, मग मोडलेली शपथ. प्रत्येक पायरी आपल्यासमोर. इथे राऊल येतो तोच तळाला पोचलेला, जुगारात बुडालेला, बायकोवर खेकसणारा. मधल्या दहा वर्षांत काय झालं ते त्याच्या एका गाण्यात ओझरतं कळतं, बस्स. का? तर मुखवटेवाला त्याच्या शेजारी बरा दिसावा म्हणून. पहिल्या नाटकाच्या शेवटी तो क्रिस्टीनला सोडतो, सिंहासनावर फक्त मुखवटा उरतो आणि तो मेग उचलते. सगळं नाटक त्या सोडण्यावर उभं आहे. दुसरा भाग येऊन सांगतो की छे, लग्नाच्या आदल्या रात्री ती त्याच्याकडे गेली होती आणि मुलगाही त्याचाच. आणि ती मेग, जिवाची मैत्रीण, तिच्या हातात शेवटी पिस्तूल! उद्या कुणी सौभद्राचा उत्तरार्ध लिहून अर्जुनाला कर्जबाजारी केला आणि सुभद्रेच्या मनात पहिल्यापासून दुर्योधनच होता म्हणाला, तर काय कराल? नेमकं तेच इथे झालंय. यावर ओरडा की! पण यावर ओरडायचं तर पहिलं नाटक झुंबराच्या पुढेही बघावं लागतं.

दुसरी जात डोळे पुसणाऱ्यांची. त्यांच्या मते हे दैवी आहे आणि "तुम्हाला ते कळायचं नाही". कळायचं नाही म्हणजे काय, कानडीत आहे का? यांना गणित दाखवलं की "प्रेमात गणित नसतं". मग राऊलच्या कर्जाचा आकडा कसा काय असतो?

आणि तो पुण्याहून आलेला भाचा. अशा प्रत्येक हॉलमध्ये एक भाचा असतोच. त्याने सुरुवातीलाच कोटी सोडली, 'पेंट नेव्हर ड्राइज'. ती २०१० च्या लंडनमधली कोटी, आणि हा सांगतो जणू बसमध्ये सुचली. अरे बाबा, कोकणात जुलैमध्ये रंग वाळत नाही हे आम्हाला कळायला लंडन कशाला हवं? भिंतीला हात लावून बघ, मे महिन्यात दिलेला अजून हाताला लागतोय. पुढे त्याने मांजराची गोष्ट काढली, की संगीतकाराच्या, म्हणजे लॉर्ड अँड्र्यू लॉइड वेबरच्या, डिजिटल पियानोत मांजराचं पिल्लू शिरलं आणि आधी लिहिलेली स्वररचना पुसली गेली, म्हणजे मांजरालाच जास्त कळलं होतं. गोष्ट खरी आहे, पण शनिवारी चार वेळा? तीसुद्धा प्रत्येक वेळी गाणं चालू असताना?

या भाच्याने वाचलेली सगळी मतं पहिल्या लंडन प्रयोगाची होती. तो प्रयोग ९ मार्च २०१० ला रीतसर सुरू झाला, नोव्हेंबरात थोडे दिवस बंद ठेवून डागडुजी केली, आणि २७ ऑगस्ट २०११ ला पडदा पडला. दीड वर्षसुद्धा नाही. आपण शनिवारी पाहिला तो २०११ चा मेलबर्नचा प्रयोग. दिग्दर्शक वेगळा, नेपथ्य वेगळं, प्रसंगांचा क्रमसुद्धा बदललेला. मुखवटेवाल्याचं गाणं अगदी सुरुवातीला आहे ते त्या डागडुजीमुळेच. गेल्या आठवड्याच्या बांगड्याला वास होता म्हणून आजच्या सुरमईला नाक मुरडणारं गिऱ्हाईक मासळीबाजारात एक मिनिट टिकेल का? कोळीण काय बोलेल ते इथे छापता येणार नाही.

कुणीतरी विद्वानाने शोध लावला की मुख्य गाण्याची चाल "चोरलेली" आहे. चोरलेली नाही, स्वतःचीच पुन्हा वापरलेली, संगीतकाराच्याच २००० सालच्या एका नाटकातली. आणि चाल उचलली म्हणून मराठी माणसाने नाक मुरडावं? जुनं कुठलंही नाट्यपुस्तक उघडा, पदाच्या डोक्यावर छापलेलं असतं 'चाल:' आणि पुढे दुसऱ्याच पदाची ओळ. किर्लोस्करांपासून आपण साक्या, दिंड्या, लावण्या, जे कानाला बरं वाटलं ते उचललं आणि त्यावर १८८० पासून संसार केला.

पण कळस झाला तो त्या मुख्य गाण्यालाच. दुसरा अंक. पैज अशी की क्रिस्टीन गायली तर राऊलने एकट्याने निघून जायचं, नाही गायली तर मुखवटेवाल्याने राऊलचं कर्ज फेडायचं आणि त्यांना जाऊ द्यायचं. ती मध्यभागी एकटी, एका विंगेत नवरा, दुसऱ्या विंगेत तो. कुणी शब्द बोलत नाही. तिने तोंड उघडलं की संसार संपला, एवढं सगळं त्या एका श्वासावर टांगलेलं. आणि नेमक्या त्या श्वासाला मागच्या दाराने भजी आली! कांदाभजी, कागदावर, गरमागरम. "गाणांच चल्लाहा, तवसर खावन घेवया." खुर्च्या सरकल्या, वेफरचं पाकीट फुटलं, कुणी "चटणी खय?" विचारलं, आणि गाणं संपल्यावर एक बाई शेजारणीला विचारतात, "ह्यो आता रडता कित्याक?"

सिनेमात गाणं लागलं की बाहेर जायची सवय, दुसरं काय. संगीत नाटकाला हीच मंडळी उलटं करतात. संवाद चालू असताना घोरतात आणि पदाला जागी होऊन "वन्समोर" ओरडतात, तेही कुठे? विरहाच्या पदाला! नायिका आत्ताच शोकाने कोसळली, तिला उठवून पुन्हा कोसळायला लावायचं. पावसाळ्यात तबल्याची पुडी दमट होऊन उतरलेली, तबलजी बिचारा हातोडीने गठ्ठे खाली ठोकतोय, पेटी एका बाजूला आणि तबला दुसऱ्या बाजूला, आणि यांना तेच पुन्हा हवंय. शिरा पडो यांच्या तोंडार.

आयोजकांना सोडायचं कारण नाही. आवाज ब्लूटूथ स्पीकरवर लावला होता. ब्लूटूथला आवाज पोचायला १५० ते २५० मिलिसेकंद जास्त लागतात. म्हणजे ओठ आधी, सूर पाव सेकंद नंतर. त्यावर हॉलचा निष्कर्ष: "गायत नाय, नुसते तोंड हलवतत." ज्यांनी आठवड्याला आठ प्रयोग गळ्याने ओढायचे, त्यांच्यावर ही तोहमत, कशामुळे, तर दोनशे रुपयांची वायर आणली नाही म्हणून! साधी ऑक्स वायर लावा, प्रश्न मिटला. तीही नसेल तर लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये 'जे' हे बटण दाबा. एका दाबाला आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे सरकतो, चार दाबात ओठ आणि सूर जुळतात. आणि पत्र्यावर पाऊस कोसळत असताना पुढे जमिनीवर ठेवलेल्या एकाच स्पीकरचा आवाज वाढवून काही होत नाही, नुसती किंचाळी वाढते आणि शब्द बुडतात ते बुडतातच. दोन स्पीकर घ्या, हॉलच्या मध्यावर दोन्ही भिंतींना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा, आणि आवाज बेताचा.

आता एवढं सगळं कुणासाठी? लंडनच्या एका लॉर्डाची वकिली सिंधुदुर्गातून, तीही फुकट, आणि अशील असं की वकिलाच्याच मते लंगडं! वर आणखी कबुली: शनिवारी त्या हॉलमधला सगळ्यात मोठा आवाज भज्यांचा नव्हता, वेफरचाही नव्हता. "शूऽऽऽ" करणाऱ्याचा होता. समोरच्या आजींनी वळून "जरा गप बस मेल्या" म्हटलं ते त्यालाच, म्हणजे अस्मादिकांना.

तरीही पुढचा भाग म्हणजे पापच, ही समजूत आली कुठून? वाडा चिरेबंदीच्या पुढे दोन नाटकं आली, लोक तिन्ही एकापाठोपाठ बघत बसले. एका लग्नाची गोष्ट १९९८ ची, तिची पुढची गोष्ट २०१८ ला आली, तेव्हा याच काकांनी तिकिटासाठी ओळख काढली होती. दशावतारात तर काय, आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग, झाला की उत्तररंगात जे आख्यान येईल ते येईल, लिहिलेली संहिता नाही, कालचा राक्षस आज मेलेला असूनही परत येतो, आणि गाव पहाटेपर्यंत घोंगडी गुंडाळून बसतं. तिथे कुणी म्हणत नाही की पहिला संकासुर बरा होता.

पुढच्या महिन्यात पहिलं नाटक लावणार आहेत. हो, आधी दुसरं, मग पहिलं. आयोजकांना हातात जी प्रत आधी आली ती आधी लावली. वायर आणायचं कबूल झालंय, भज्यांचं अजून ठरायचंय. आणि तिसऱ्या रांगेतल्या काकांनी जिना उतरता उतरताच सांगून ठेवलंय: "बघ हां, दुसऱ्याची सर नाय येवची."