पहाटेची गर्दी आणि चावडीतला दगड

दरवर्षी २५ एप्रिलला मेलबर्नमध्ये उजाडण्याआधीच्या गाड्या भरून येतात आणि एवढ्या गर्दीत कुणी मोठ्याने बोलत नाही. सगळे जण शहराच्या दक्षिणेकडील युद्धस्मारकाच्या टेकाडाकडे निघालेले असतात. कुणाच्या खांद्यावर मूल झोपलेले असते, तर कुणाच्या कोटावर पणजोबांची पदके असतात. ती उजव्या बाजूला लावायची, कारण डावी बाजू ज्याने ती मिळवली त्याची, एवढा नियम इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. मी या शहरात सतरा वर्षे राहतो आहे. पहिल्या वर्षी शेजाऱ्यांनी आग्रह केला म्हणून गेलो आणि तेव्हापासून जातोच.

ही सारी आठवण एका फसलेल्या स्वारीची आहे, हे बाहेरून आलेल्या माणसाला चटकन उमगत नाही. पहिल्या महायुद्धात २५ एप्रिल १९१५ रोजी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक, म्हणजे ॲन्झॅक, तुर्कस्तानच्या गॅलिपोली द्वीपकल्पावर होड्यांतून पहाटे उतरले. समोर सपाट किनाऱ्याऐवजी उभे कडे निघाले, वरून गोळ्या येत होत्या, आणि पुढचे आठ महिने हे सैन्य किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्टीतच अडकून पडले. डिसेंबरमध्ये ते रातोरात काढून घेण्यात आले. या मोहिमेत ऑस्ट्रेलियाचे आठ हजारांहून अधिक सैनिक मेले. तुर्कांचे त्याच्या कितीतरी पट मेले, पण देश त्यांचा होता आणि जिंकलेही तेच. म्हणून तुर्क लोक १८ मार्च पाळतात, त्यांच्या तोफांनी आणि सुरुंगांनी दोस्त राष्ट्रांचे आरमार परतवले तो दिवस. युद्ध एक, समुद्र एक, तारखा मात्र दोन.

इथली आठवण निर्मळ आहे, असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. दुपारी फूटबॉलचा मोठा सामना असतो, दुकानांतून ॲन्झॅक बिस्किटे खपतात, आणि दुसऱ्याच्या मुलुखावर चढाई केली होती ही गोष्ट भाषणांतून अलगद बाजूला राहते. याच देशातल्या मूळ रहिवाशांशी झालेल्या लढायांना कॅनबेराच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात किती जागा द्यायची, हा वाद तर अजून मिटलेला नाही.

शिवाय त्या किनाऱ्यावर आपलीही माणसे होती. त्याच दिवशी ॲन्झॅकांच्या पाठोपाठ हिंदी लष्कराच्या डोंगरी तोफखान्याच्या तुकड्या खेचरांवर तोफांचे सुटे भाग लादून उतरल्या. संपूर्ण मोहिमेत सुमारे १५ हजार हिंदी माणसे तिथे होती. त्यांत शीख होते, गुरखे होते, आणि खेचरांच्या गाड्यांतून रात्री पाणी व दारूगोळा वर पोचवणारे गाडीवानही होते. कडक बिस्किटांना विटलेले ऑस्ट्रेलियन सैनिक त्यांच्याकडून चपात्या मागून नेत. गाढवावरून जखमींना खाली आणणारा सिम्पसन इथल्या पाठ्यपुस्तकांचा लाडका नायक आहे, आणि तो मुक्काम करीत असे तो या हिंदी तोफखान्याच्या तळावर. गाढव सर्वांना माहीत आहे, तळ फार थोड्यांना. अलीकडे मात्र या दिवसाच्या संचलनात पगडी बांधलेले लोकही चालताना दिसतात.

इकडे हे पाहत असताना घरून जे कानावर येते ते निराळ्याच सुराचे असते. २१ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीत इंडिया गेटखालची अमर जवान ज्योती राष्ट्रीय युद्धस्मारकातील ज्योतीत विलीन झाली. त्या वेळी सरकारी गोटातून एक युक्तिवाद पुढे आला की इंडिया गेटवर कोरलेली नावे पहिल्या महायुद्धात आणि अफगाण युद्धात इंग्रजांसाठी लढलेल्यांची आहेत, म्हणजे ती गुलामीची खूण आहे. साताऱ्याकडे राहणाऱ्या माझ्या पुतण्याने तर एका शब्दात निकाल लावला. "काका, ते भाडोत्री होते." मी त्याला विचारले की मग २०१८ साली दिल्लीच्या तीन मूर्ती चौकाला हैफाचे नाव कशासाठी जोडले? आजच्या इस्रायलमधले हैफा बंदर तुर्कांकडून घेणारे हिंदी घोडेस्वारही त्याच साम्राज्याच्या लढाईत होते. तो म्हणाला, ती गोष्ट वेगळी, ते जिंकले होते.

त्याच्या नकळत मुद्दा तिथेच निघाला. कुणाचे युद्ध हा प्रश्न आपण विचारतो खरा, पण उत्तर बहुधा विजयावर बेतलेले असते.

समुद्रातून उतरण्याचीच गोष्ट करायची, तर मराठी पलटण गॅलिपोलीच्या जवळजवळ सहा महिने आधी उतरली होती. ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून निघालेल्या सोळाव्या ब्रिगेडमध्ये ११७ मराठा ही पलटण होती. इराणच्या आखाताच्या टोकाशी फाओ इथल्या तुर्की किल्ल्याच्या तोफा एका लहानशा युद्धनौकेने गप्प केल्या आणि ६ नोव्हेंबरला पहिली तुकडी किनाऱ्याला लागली. ब्रिगेडचा उरलेला भाग पुढच्या दिवसांत नदीच्या वरच्या अंगाला उतरला. अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना जवळच होता, आणि इंग्रजांना काय राखायचे होते ते सांगायला तेवढे पुरे. पावसाने झालेल्या चिखलातून लढत फौज पुढे सरकली आणि २२ नोव्हेंबरला आजच्या इराकमधल्या बसऱ्यात शिरली. उतरण्याच्या बाबतीत ही मोहीम फत्ते झाली होती. पण पुढे बगदादच्या हव्यासापायी तीच माणसे कूट-अल-अमारा इथे वेढ्यात सापडली, आणि आता त्यांच्याबरोबर १०३ आणि ११० या मराठा पलटणीही होत्या. २५ एप्रिल १९१६ रोजी जगात पहिला ॲन्झॅक दिन साजरा होत होता, तेव्हा कूटमध्ये हे मराठे मूठभर पिठावर दिवस काढीत होते. धर्म बुडेल म्हणून घोड्याचे मांस अनेकांनी कितीतरी आठवडे नाकारले होते. चारच दिवसांनी सुमारे १३ हजार माणसांनी शरणागती पत्करली. कैदेत गेलेल्यांपैकी हजारो परतले नाहीत.

भाडोत्री हा शब्द मी नुसत्या भावनेने फेटाळणार नाही. शिपायाला महिना ११ रुपये मिळत आणि कोरडवाहू जमिनीच्या गावात तो पैसा मोठा होता. ज्यांना 'लढवय्ये नाहीत' म्हणून भरतीतून वगळले होते, त्या महारांसाठी १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली, आणि गरज संपताच काही वर्षांत मोडलीही गेली. त्या तरुणांना पलटणीत काय दिसले असेल, हे त्यांच्या गावातले दिवस आठवले तर कळते. पोटासाठी, मानासाठी किंवा पाटलाच्या दडपणाने गेलेला माणूस परक्याच्या युद्धात मेला, एवढ्याने त्याचे नाव पुसण्याचा हक्क आपल्याला कसा मिळतो, ते मला कळत नाही.

आणि हा प्रश्न केवळ परक्यांच्या युद्धांचाही नाही. १८ डिसेंबर १९६१ रोजी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर आपलेच नौसैनिक उतरले, पोर्तुगीजांच्या गोळीबारात सात जण कामी आले आणि बेट हाती आले. त्यांचे स्मारक गोव्याच्या नौदल तळाच्या आवारात आहे. गोवा मुक्तिदिनाच्या, म्हणजे १९ डिसेंबरच्या सुट्टीत समुद्रावर जाणाऱ्या माझ्या किती मित्रांना अंजदीव कुठल्या बाजूला आहे हे सांगता येईल, याची मला शंका आहे. तिथे तर राणी नव्हती, राजाही नव्हता.

कॅनबेराच्या स्मारकाच्या भिंतीवर कांस्य अक्षरांत नुसती नावे आहेत, हुद्दे नाहीत. जनरल आणि आचारी एकाच रांगेत, आणि लोक बोटाने नाव शोधून शेजारच्या फटीत युद्धात पडलेल्यांच्या आठवणीचे लाल पॉपीचे फूल खोचतात. १९२९ साली उघडलेल्या बसऱ्याच्या स्मारकावर मात्र गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि साध्या हिंदी शिपायांचे पलटणवार आकडे. ही असमानता राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ साली स्वतःच्याच अहवालात कबूल केली. म्हणजे विसरण्याची सुरुवात साम्राज्याने केली. आपण ती पुढे चालू ठेवली, इतकेच.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली आणि गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द अजून लागतो. आमचे गाव तेवढे प्रसिद्ध नाही. पण जुन्या चावडीच्या भिंतीत त्या युद्धाचा संगमरवरी दगड आहे, आणि कुणी बरेच दिवस दिसले नाही की माझी आजी म्हणायची, "बसऱ्याला गेला काय?" लहानपणी मला तो बसस्टँडचा प्रकार वाटे.

यंदाच्या एप्रिलमध्ये मी पुतण्याला त्या दगडाचा फोटो काढून पाठवायला सांगितले. त्याने थोडी कुरकुर केली, मग गेला. फोटोत दगडापुढे कुणाची तरी मोटारसायकल उभी आहे आणि खालच्या ओळीवर चुन्याचा हात फिरलेला आहे. या गावातून महायुद्धास किती गेले आणि किती मेले, एवढेच वाचता येते. दहा मिनिटांनी त्याचा निरोप आला, "काका, यावर नावं कुठं आहेत?"