‘अमेरिका ख्रिस्ती राष्ट्र आहे, मग आपण का नाही?’ या मेसेजला उत्तर

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या, माजी विद्यार्थ्यांच्या, उत्सव समित्यांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिका ख्रिस्ती राष्ट्र म्हणूनच जन्माला आली, डॉलरवर देवाचं नाव आहे, राष्ट्राध्यक्ष बायबलवर शपथ घेतो, 1962 साली कोर्टाने शाळांतून देव हद्दपार केला, आता तिथले धर्मनिष्ठ लोक सरकार पुन्हा धर्माच्या पायावर उभं करताहेत आणि आपणही तेच करावं.

नौपाड्यातल्या, घोडबंदर रोडवरच्या ज्या घरांतून हा मेसेज पुढे ढकलला जातो, त्यांतल्या कितीतरी घरांची मुलं न्यू जर्सीत आणि टेक्सासमध्ये आहेत. म्हणूनच तो वाचून सोडून देववत नाही. मी देव मानतो, महाशिवरात्रीला कौपिनेश्वराच्या रांगेत उभा असतो. माझा आक्षेप श्रद्धेला नाही, तिच्या हाती सरकारी शिक्का देण्याला आहे.

‘ख्रिस्ती राष्ट्र म्हणून जन्मली.’ 1787 च्या अमेरिकन संविधानात येशूचं नाव नाही, बायबलचं नाही. शेवटच्या तारखेतला ‘आपल्या प्रभूचं वर्ष’ हा त्या काळचा रूढ शब्दप्रयोग तेवढा आहे. उलट सहाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची अट कधीही घालता येणार नाही. 1791 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने धर्म प्रस्थापित करणारा किंवा धर्माचरण रोखणारा कायदा करायलाच काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, मनाई केली. 1797 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या त्रिपोलीशी झालेल्या तहाला सिनेटने एकमताने मान्यता दिली. अमेरिकेचं सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर आधारलेलं नाही, असं त्या तहाच्या अकराव्या कलमात आहे.

आणि हे सगळं मागितलं कोणी? मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं नास्तिकांनी. व्हर्जिनियाचा इतिहास वेगळंच सांगतो. तिथे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडचं, चर्च सरकारी होतं, त्यासाठी सगळ्यांकडून कर घेतला जाई आणि परवान्याशिवाय प्रवचन दिलं म्हणून बाप्टिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या धर्मोपदेशकांना तुरुंगात टाकलं जाई. तुरुंगात जाणारेही ख्रिस्ती आणि टाकणारेही ख्रिस्तीच. पुढे ख्रिस्ती धर्मशिक्षकांसाठी कर लावण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा 1785 मध्ये पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेम्स मॅडिसनने त्याविरुद्ध निवेदन लिहिलं आणि बाप्टिस्टांनी अर्जांवर अर्ज पाठवले. प्रस्ताव बारगळला. 1786 मध्ये थॉमस जेफरसनने लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा मंजूर झाला. त्यात येशू ख्रिस्ताचं नाव घालायची सूचना आली होती. ती मोठ्या बहुमताने फेटाळली गेली. जेफरसनने आत्मचरित्रात त्याचा अर्थ सांगितलाय: या कायद्याचं संरक्षण ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू आणि कुठलाच धर्म न मानणारा अशा सगळ्यांना मिळावं, हाच हेतू होता. हो, त्या यादीत हिंदूंचं नाव आहे. व्हर्जिनियात हिंदू देऊळ उभं राहण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आपल्या मुलांचा गणपती तिथे ज्या कायद्याच्या आधाराने बसतो, त्याचं मूळ इथे आहे.

‘डॉलरवर देवाचं नाव.’ आहे, पण कधीपासून? ‘आमचा देवावर विश्वास आहे’ हे वाक्य नाण्यावर आलं 1864 मध्ये, यादवी युद्धाच्या धामधुमीत. ते राष्ट्रीय बोधवाक्य झालं 1956 मध्ये आणि कागदी नोटांवर आलं 1957 पासून, सोव्हिएत रशियाशी शीतयुद्ध चालू असताना. तिथल्या राष्ट्रध्वजाच्या प्रतिज्ञेतही देव 1954 मध्ये घातला गेला. मूळ प्रतिज्ञा 1892 ची. ती लिहिणारा फ्रान्सिस बेलामी स्वतः बाप्टिस्ट धर्मोपदेशक होता आणि त्याने तिच्यात देवाचं नाव घातलं नव्हतं.

बायबलवरच्या शपथेबद्दल फार लिहायला नको. तो रिवाज आहे, नियम नाही. 1901 मध्ये थिओडोर रूझवेल्टने बायबलशिवाय राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. 2013 मध्ये तुलसी गॅबर्ड यांनी खासदारकीची शपथ भगवद्गीतेवर घेतली.

‘शाळांतून देव हद्दपार.’ 1962 चा खटला न्यूयॉर्कचा. सरकारी शिक्षण मंडळाने 22 शब्दांची एक प्रार्थना रचून शाळांत म्हणायला दिली होती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, प्रार्थना रचणं हे सरकारचं काम नाही. मुलांनी स्वतःहून प्रार्थना करायला तेव्हाही बंदी नव्हती, आजही नाही. आता लुइझियानाने 2024 मध्ये आणि टेक्सासने 2025 मध्ये सरकारी शाळांच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञा लावायचे कायदे केले. त्या आज्ञांत ‘माझ्याखेरीज दुसरा देव नको’ आणि ‘मूर्ती करू नको’ हेही येतं. घरी शाडूची मूर्ती पुजून शाळेत गेलेल्या आपल्या नातवाने ते रोज भिंतीवर वाचायचं, तेही सरकारच्या हुकमाने? लुइझियानाच्या कायद्याविरुद्ध कोर्टात जाणाऱ्यांत ख्रिस्ती धर्मगुरूही आहेत.

ज्या मंडळींचं मेसेजमध्ये एवढं कौतुक आहे, त्यांच्या लेखी आपण कोण आहोत, हेही बघू. 2007 मध्ये अमेरिकन सिनेटमध्ये राजन झेद यांनी पहिल्यांदा हिंदू प्रार्थना म्हटली, तेव्हा गॅलरीतून आरडाओरडा करून ती थांबवायचा प्रयत्न तिघा ख्रिस्ती निदर्शकांनी केला. टेक्सासमध्ये शुगर लँडच्या देवळात 90 फुटी हनुमान उभा राहिला, तर 2025 मध्ये सिनेटची उमेदवारी मागणाऱ्या एका रिपब्लिकन नेत्याने ‘खोट्या देवाचा खोटा पुतळा’ असं म्हणत हा देश ख्रिस्ती असल्याचं सुनावलं. आपण ग्रुपवर जे वाक्य अभिमानाने पुढे पाठवतोय, ते तिथे हनुमानाविरुद्ध वापरलं जातंय.

यापेक्षा वाईट आयर्लंडमध्ये घडलं. 1983 मध्ये तिथे गर्भपातबंदी थेट संविधानात गेली. 2012 मध्ये बेळगावची दंतवैद्य सविता हलप्पनवार गॉलवेच्या रुग्णालयात होती. गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिने गर्भपात मागितला. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून नकार मिळाला, आणि हा कॅथलिक देश आहे, असंही सांगितलं गेलं; ते बोलल्याची कबुली परिचारिकेने पुढच्या वर्षी चौकशीत दिली. जंतुसंसर्गाने सविता गेली, 31 व्या वर्षी. ते कलम 2018 च्या सार्वमताने रद्द झालं.

राहिलं ‘आपणही तेच करावं’. ठाणेकरांना धर्मसत्ता परकी नाही. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकेपर्यंत इथे पोर्तुगीज होते आणि त्यांचं सरकार धर्माचंच होतं. त्या काळात या पट्ट्यातली देवळं पाडली गेली. उलट याच शहरात घरी मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल ज्यूंचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, 1879 पासून उभं आहे.

आणि हा प्रश्न आपल्याकडे रीतसर मतालाही पडलेला आहे. 17 ऑक्टोबर 1949 रोजी संविधान सभेत ह. वि. कामत यांनी उद्देशिका ‘ईश्वराच्या नावाने’ सुरू करावी, अशी दुरुस्ती मांडली. विरोध करणाऱ्यांनी देव नाकारला नाही. हृदयनाथ कुंझरू म्हणाले की, अंतःकरणातल्या सर्वांत पवित्र भावनेचा विषय वादाच्या आखाड्यात आणला गेला, याचं त्यांना वाईट वाटतं. ज्या उद्देशिकेत श्रद्धेचं स्वातंत्र्य द्यायचं, तिथेच ही सक्ती कशी चालेल? मतदान झालं. बाजूने 41, विरोधात 68. उद्देशिकेत ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द घालणारी 1976 ची घटनादुरुस्ती तेव्हा 27 वर्षं दूर होती.