बिडाची नक्षी गेली म्हणून वारसा गेला नाही

मेलबर्नच्या फिट्झरॉय, कार्लटन, रिचमंड, ब्रन्सविक या जुन्या उपनगरांतील कामगारांच्या छोट्या घरांबद्दल एक मत वारंवार मांडले जाते. एकोणिसाव्या शतकातली ही घरे दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या इटालियन आणि ग्रीक कुटुंबांनी विकत घेतली. व्हरांड्याची बिडाची नक्षी काढली, लाकडी खिडक्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या बसवल्या, अंगणात कोबा केला. त्यामुळे घरांचा वारसा नष्ट झाला आणि तो परत हवा असेल तर नंतरचे सारे काढून मूळ रूप उभारले पाहिजे, असे ते मत आहे. ते चुकीचे आहे आणि अन्यायकारकही आहे.

आधी ‘मूळ रूपा’चा विचार करू. दर्शनी बाजूला एक दार व एक खिडकी, आत दोन खोल्या, मागे उतरत्या पत्र्याखाली स्वयंपाकघर आणि परसाच्या टोकाला मागच्या गल्लीला लागून संडास, अशी यांतल्या कितीतरी घरांची मांडणी होती. मेलबर्नमधील घरे भुयारी गटाराला जोडायला सुरुवात झाली ती १८९७ मध्ये. तोवर मैला गल्लीतून वाहून नेला जाई. या मूळ अवस्थेकडे परतण्याची मागणी कोणीही करत नाही. प्रत्यक्षात फक्त रस्त्यावरून दिसणारा भाग ‘मूळ’ केला जातो, मागची बाजू पाडून काचेच्या भिंतींचे दालन बांधले जाते आणि व्हरांड्याला लावलेली नक्षी पुष्कळदा बिडाची नसून नव्याने ओतलेल्या ॲल्युमिनियमची असते. त्यातून उभे राहते ते १८८५ च्या कामगाराचे घर नव्हे, तर आजच्या खरेदीदाराच्या पसंतीचे घर.

स्थलांतरितांनी घरे बिघडवली, या आरोपात तर इतिहासच उलटा केला आहे. व्हिक्टोरिया राज्याचे गृहनिर्माण मंडळ १९३८ मध्ये स्थापन झाले ते या उपनगरांतील गलिच्छ वस्त्या हटवण्याच्या उद्देशाने. १९६० मध्ये कोणता भाग पाडावा हे ठरवण्यासाठी अधिकाऱ्यांनी रस्तोरस्ती मोटारीतून पाहणी केली, म्हणजे घरांचा निवाडा बाहेरूनच झाला. पुढे फिट्झरॉयमध्ये घरांच्या रांगा पाडून ॲथर्टन गार्डन्स या सरकारी वसाहतीचे उंच निवासी मनोरे उभे राहिले. ऑस्ट्रेलियाने इटलीशी १९५१ मध्ये आणि ग्रीसशी १९५२ मध्ये स्थलांतराचे करार केले होते, आणि त्या देशांतून येऊन कारखान्यांत राबणारी माणसे याच काळात, सरकारच्या लेखी मोडीत निघालेली ही घरे विकत घेत होती. भाडेकरू ठेवून, नातेवाइकांचे पैसे एकत्र करून त्यांनी खोल्यांची कुजलेली लाकडी जमीन बदलली, न्हाणीघर घरात आणले, छपरे दुरुस्त केली. १९६९ मध्ये नॉर्थ कार्लटनमधील ली स्ट्रीट परिसर पाडण्याच्या बेताविरुद्ध रहिवासी एकवटले आणि अखेर तो बेत बारगळला, तेव्हा वाचवण्याजोगे काही शिल्लक होते, कारण लोक त्या घरांत राहत होते आणि ती नीट राखत होते. घराची किंमत दर्शनी भागावरून ठरवण्याची ती जुनी रीत आज वारशाच्या नावाने चालू राहावी, याचे मला वाईट वाटते.

या स्थलांतरितांना अभिरुची नव्हती, असेही म्हटले जाते. परंतु बिडाची नक्षी त्या काळी फॅशनबाह्य झाली होती आणि इंग्रज वंशाचे मालकही ती उतरवत होते. दोष मात्र एकट्या स्थलांतरितांच्या माथी आला. शिवाय त्यांनी जे केले त्यात कौशल्य होते. इटलीच्या फ्रिउली भागातील मोझाइकचे कारागीर आपल्या कामासाठी नावाजलेले होते, आणि अशा हातांनी घोटलेल्या व्हरांड्याच्या फरशा आजही शाबूत दिसतात. परसात द्राक्षांचा मांडव, अंजीर, ऑलिव्ह, लिंबू आणि टोमॅटोचे वाफे होते, आणि उन्हाळ्याच्या शेवटी टोमॅटोचा रस वर्षभरासाठी बाटल्यांत भरायला मागच्या शेडमध्ये दुसरी चूल होती. मेलबर्नच्या पश्चिमेकडील नव्या वस्त्यांत आज भारतीय कुटुंबे फोडणीसाठी वेगळे स्वयंपाकघर मागून घेतात. ती गरज आपल्याला समजते, मग ही का समजू नये?

संवर्धनाची तत्त्वे मूळ रूपच मागतात, हा दावा तर सरळ खोटा आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूच्या घडणीतील सर्व कालखंडांच्या योगदानाचा आदर करायला सांगितले आणि शैलीची एकरूपता हे पुनःस्थापनेचे उद्दिष्ट नाही असे बजावले. ऑस्ट्रेलियाच्याच बर्रा येथे १९७९ मध्ये स्वीकारलेली सनदही सर्व काळांच्या योगदानाचा मान राखते. तरीही स्थानिक नियोजनात फक्त व्हिक्टोरिया राणीचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला काळ प्रमाण मानला, तर बदललेल्या घराची प्रत खाली येते आणि ते पाडणे सोपे होते.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. चुन्यात बांधलेल्या जुन्या विटांवर सिमेंटचा गिलावा केल्यास ओल भिंतीत अडकते, आणि व्हरांड्याच्या कोब्याने खोल्यांच्या लाकडी जमिनीखाली हवा खेळण्यासाठी ठेवलेली भोके बुजतात. तिथे दुरुस्ती केलीच पाहिजे. पण भोके मोकळी करण्यासाठी अख्खा व्हरांडा उखडावा लागत नाही.

प्रत्येक बदल जपायचा तर घरात कोणी राहायचे कसे, असेही विचारले जाते. प्रत्येक बदल जपा असे कोणीही म्हणत नाही. वारशाच्या पाहणीच्या नोंदीत १८८५ च्या भिंतीसोबत १९५८ चा व्हरांडा कोणी, कशासाठी बांधला हेही यावे आणि परवानगी देताना दोन्हींचा विचार व्हावा, एवढीच मागणी आहे. ज्यांनी ही कामे केली त्यांतले हयात असलेले लोक आता फार वृद्ध आहेत आणि त्यांची घरे एकेक करून विकली जात आहेत, म्हणून या नोंदी घर बाजारात जाण्यापूर्वी, त्यांच्याशी बोलून, व्हायला हव्यात.